विश्लेषण : अर्ध्या टक्क्यावरून जर्मनीचे सरकार कसे पडले?

फेब्रुवारी १९३२ मध्ये जर्मनीतील नोंदणीकृत बेरोजगारांचा आकडा ६१ लाखांवर गेला. जेमतेम पाच वर्षांपूर्वी याच देशाने बेरोजगारांसाठी विमा योजना आणली होती. ती कोलमडली कशी?

योजना काय होती?

कायदा जुलै १९२७ चा. पगाराच्या ३ टक्के वर्गणी विमा निधीत जमा व्हायची. त्यातली निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. निधीचा हिशेब साधारण ८ लाख बेरोजगार धरून मांडलेला होता. पण १९२८-२९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बांधकामे थांबली आणि बेरोजगार २५ लाखांपुढे गेले. म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळण्याआधीच निधीला सरकारी कर्जाचा टेकू लागला होता.

सरकार का पडले?

चॅन्सेलर हर्मान म्युलर यांच्या आघाडीत सोशल डेमोक्रॅट आणि उद्योगपतींच्या जवळचा पीपल्स पार्टी हा पक्ष एकत्र होते. वर्गणी वाढवायची की भत्ता कापायचा, यावर त्यांचे जमेना. वाद होता वर्गणी साडेतीनवरून ४ टक्के करण्याचा! २७ मार्च १९३० रोजी म्युलर यांनी राजीनामा दिला. संसदेत बहुमत असलेले वायमार प्रजासत्ताकाचे ते शेवटचे सरकार ठरले.

पुढे काय झाले?

नवे चॅन्सेलर हाइन्रिश ब्रुनिंग यांनी अध्यक्षांच्या अध्यादेशांवर कारभार हाकला. अल्पमुदतीची अमेरिकी कर्जे परत जात होती. मार्क सोन्याशी बांधलेला होता आणि १९२३ ची महागाई लोक विसरले नव्हते. त्यामुळे नोटा छापणे दूरच, उलट खर्च आणि पगार कापले गेले. पगार घटले तशी खरेदी घटली, आणखी कारखाने थंडावले, वर्गणी भरणारे कमी झाले. ज्या वर्गणीवरून सरकार पडले, ती त्याच वर्षी साडेसहा टक्क्यांवर न्यावी लागली.

बेरोजगारांनी हिटलरला निवडले?

असे सरसकट म्हटले जाते, पण ते अर्धसत्य आहे. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ झाल्या, हे खरे. मात्र मतदानाच्या अभ्यासांनुसार काम गेलेले कारखाना कामगार कम्युनिस्टांकडे अधिक झुकले. नाझींना बळ मिळाले ते शेतकरी, दुकानदार, छोटे व्यावसायिक यांच्याकडून. त्यांना या विम्याचे संरक्षण नव्हतेच.

विमा असलेल्यांच्याही हाती फारसे उरले नाही. जून १९३२ मध्ये फ्रान्झ फॉन पापेन सरकारने हक्काचा भत्ता सहा आठवड्यांवर आणला. त्यानंतर घरची परिस्थिती तपासूनच मदत मिळणार होती.