समुद्राचीही एक वेळ असते, बरं का!

मैत्रिणींनो, तुम्हाला एक गुपित सांगते. एखादी गोष्ट आपल्याला जमली नाही की आपण चटकन स्वतःला दोष देतो. ‘आपलं वयच नाही हे’, ‘आपल्यात धाडसच नाही’... मीही वर्षभर हेच म्हणत होते. पण माझी चूक होती ती फक्त वेळेची! आणि ही अक्कल मला आली ती मालवणच्या समुद्रात, पाठीवर हवेची टाकी बांधून.

आमचं गाव गडहिंग्लज. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत मालवण गाठायला साधारण चार तास लागतात. मुलीच्या हट्टापायी नाताळच्या आधीच्या एका शनिवारी आम्ही गेलो होतो. पहाटे निघून, वाटेत नाश्ता करून मालवणात पोचेपर्यंत साडेदहा झाले. आणि आमच्यासारखाच विचार करून कोल्हापूर, सांगली, पुण्याहून निघालेले सगळे त्याच वेळेला तिथे हजर! धक्क्यावर जत्रेसारखी गर्दी. टोकन घेऊन उन्हात बसलो. नंबर लागला तेव्हा बारा वाजून गेले होते.

बोटीत दाटीवाटीने बसलो. वारा सुटलेला, बोट नुसती झोके खात होती. माझ्या पोटात ढवळायला लागलं. प्रशिक्षण म्हणाल तर जेमतेम तीन मिनिटं. ‘तोंडानं श्वास घ्या, घाबरू नका, चला पुढे!’ मागून लोकांचा गलका, ‘अहो, लवकर आटपा की!’ पाण्यात उतरले तर सगळं गढूळ, हिरवट. मासा कुठे आणि दगड कुठे काही कळेना. तरी धीर धरला. सोबतच्या मुलाने हाताने ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं. मी आपला मोठ्या आनंदाने अंगठा वर करून दाखवला, ‘मस्त!’

त्याने मला सरळ वर काढलं. संपलं! ‘मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, वर चला म्हणून!’ पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’ आणि ठीक आहे सांगायचं तर अंगठा-तर्जनीचा गोल करायचा असतो, हे मला तेव्हा कुणीच नीट सांगितलं नव्हतं. पुन्हा उतरते म्हटलं, तर मागे रांग. पैसेही गेले, पाळीही गेली. येताना बोटीत उलटी झाली ती वेगळीच. घरी आल्यावर ह्यांनी आणि दिरांनी मिळून माझी जी टिंगल केली, ती पुढे प्रत्येक लग्नाकार्यात निघायची. मीही हसायचे. पण आत कुठेतरी टोचत राहायचं.

पंचांगातली भरती

पुढच्या दिवाळीत माझ्या मैत्रिणीकडे तिच्या सासूबाई आल्या होत्या. माहेर मालवणचं, वडील रापण ओढणारे. माझी कहाणी ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘तिथ कुठची होती गो?’’

मला काय आठवणार! त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर चाळायला लावलं. सप्तमी निघाली. त्या म्हणाल्या, ‘‘तिथीची पाऊणपट कर, म्हणजे भरतीची येळ गावता.’’

हिशेब अगदी सोपा आहे. पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर जी तिथी असेल, तिला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. दुपारची तीच, मध्यरात्रीनंतरची तीच. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ अंदाज आहे, गावागावाप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतो. पण आपल्यासारखीला पुरे. म्हणजे सप्तमीला भरती सव्वापाचला, आणि मी पाण्यात उतरले ते ऐन ओहोटीच्या वेळेला!

ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी समुद्राकडे ओढलं जातं. कर्ली नदीची खाडी तर तारकर्लीला लागूनच आहे. भरतीला मात्र बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, म्हणून खालचं नितळ दिसतं. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी असतं, ओढ जास्त. अष्टमी-नवमीच्या पुढेमागे पाण्याची चढउतार कमी, त्याला भांगाची भरती म्हणतात. तेव्हा पाणी गरीब गाईसारखं असतं. ज्या तिथ्या आपण उपासापुरत्या बघतो, त्यांच्यात समुद्राचं सगळं वेळापत्रक दडलेलं आहे, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं!

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. तो खारा वारा साधारण अकरा-बारानंतर जोर धरतो आणि लाटा उठायला लागतात. रात्री उलटं, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. तो विरून खारा वारा सुटेपर्यंतचा सकाळचा जो मधला वेळ, तेव्हा समुद्र शांत असतो. बोट कमी हलते, पोट ढवळत नाही. आणि मुख्य म्हणजे, घाटावरून निघालेली गर्दी अजून आंबोलीतच चहा पीत असते!

जाऊबाई आणि एकादशी

मग मी ठरवलं, पुन्हा जायचं. पण ह्या वेळेला पुरुषमंडळी नकोत. सोबत कोण? तर आमच्या थोरल्या जाऊबाई. वय ५४. त्यांना पाण्याची भीती, पोहता येत नाही. एकत्र कुटुंबाचा तीस वर्षं गाडा ओढलेली बाई. म्हणाल्या, ‘‘अगं, लोक काय म्हणतील?’’ मी म्हटलं, ‘‘ताई, आपण जाणार आहोत त्या वेळेला तिथे लोकच नसणार!’’

२६ जानेवारीची जोडसुट्टी सरल्यावरचा गुरुवार निवडला. माघातली एकादशी. आदल्या संध्याकाळीच जाऊन एका घरगुती निवासात उतरलो. आडवार असल्याने खोलीही स्वस्तात मिळाली आणि रात्रभर नीट झोपही झाली. सकाळी पावणेआठच्या पहिल्या बोटीत आम्ही दोघी आणि नागपूरच्या दोन मुली, एवढेच! कपडे बदलायच्या खोलीबाहेर रांग नाही, अंगाला घट्ट बसणारा तो रबरी पोशाख घालताना बघणारं कुणी नाही. जाऊबाईंचा निम्मा संकोच तिथेच गळून पडला.

समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतलेला. मागून ऊन वर येत होतं आणि पाणी तेल ओतल्यासारखं संथ. सोबतचा मुलगा जाऊबाईंना म्हणाला, ‘‘काकी, घाई नाय. तुमका जमात तेवाच खाली जावया.’’ हे वाक्य मला वर्षापूर्वी कुणी म्हटलं असतं तर!

त्याने उथळ पाण्यात आम्हाला चांगली वीस मिनिटं शिकवलं. तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा, अजिबात रोखून धरायचा नाही. खाली जाताना कानाला दडे बसतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दुखायची वाट बघायची नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं, तेही. आणि खुणा, दहादा करून घेतल्या. जाऊबाई दोनदा घाबरून वर आल्या. तो काही बोलला नाही. थांबला. तिसऱ्यांदा त्या गेल्या.

खाली काय होतं? पिवळे-काळे पट्टेवाले मासे, खडकाला धरून वाढलेले प्रवाळ, वरून तिरपं झिरपणारं ऊन. आणि शांतता. फक्त आपल्याच श्वासाचा बुडबुड आवाज. मी वळून बघितलं तर जाऊबाई अंगठा-तर्जनीचा गोल करून मला दाखवत होत्या. मास्कमधूनही त्यांचे डोळे हसताना दिसले.

वर आल्यावर बराच वेळ त्या गप्प होत्या. मग टॉवेलने तोंड पुसत म्हणाल्या, ‘‘लग्न झाल्यापासून अशी वीस मिनिटं नव्हती गं मिळाली, ज्यात मला कुणी हाक मारली नाही.’’ मला काय बोलावं सुचेना. आम्ही परतलो तेव्हा दहा वाजले होते आणि धक्क्यावर टोकनची रांग लागायला सुरुवात झाली होती.

तुम्ही जाणार असाल तर...

आता तुमच्यासाठी चार अनुभवाचे बोल. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं आणि ते योग्यच आहे. दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी आणि शनिवार-रविवार टाळा. मंगळवार ते गुरुवार उत्तम. आदल्या दिवशी मुक्काम करून सकाळची पहिली किंवा दुसरी बोट धरा. अगदी पहिल्या बोटीला ऊन तिरपं असल्याने खाली उजेड थोडा कमी पडतो, नऊनंतर जास्त छान दिसतं. पण गर्दीची भीती वाटत असेल तर पहिलीच बरी. दशमी-एकादशी-द्वादशीच्या आसपास भरती सकाळी येते, ती जुळली तर सोन्याहून पिवळं! पक्की वेळ मात्र तिथल्या बोटवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा.

पोट तुडुंब भरून जाऊ नका आणि रिकाम्या पोटीही नको. जाऊबाई उपासाची साबुदाण्याची खिचडी घेऊन निघाल्या होत्या, मी त्यांना दोन केळ्यांवर थांबवलं. मंगळसूत्र, बांगड्या खोलीवर ठेवा. चेहऱ्याला क्रीम-तेल नको, मास्क नीट बसत नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. गरोदरपणात तर मुळीच नको. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला, कान उघडत नाहीत. त्याच दिवशी विमानाने परतायचा बेतही नको.

आणि बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचंच नाही! मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून पर्यटकांचे जीव गेले होते. बोटीत माणसं जास्त वाटली, वारा वाढलेला दिसला तर सरळ ‘आम्ही येत नाही’ म्हणा. पैसे गेले तरी चालतील. आणखी एक, प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभ्या राहू नका. तो दगड नाही, जिवंत आहे. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे लक्षात असू द्या.

परवा घरात पुन्हा माझ्या अंगठ्याची गोष्ट निघाली. दीर हसायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जाऊबाई बाहेर आल्या, अंगठा-तर्जनीचा गोल करून त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, ‘‘आधी ह्याचा अर्थ सांगा, मग हसा!’’

दिरांना काही तो सांगता आला नाही. तुम्हाला मात्र आता माहीत आहे. कॅलेंडर काढा, एकादशी कुठल्या वारी येते ते बघा... आणि सोबतीला कुणाला तरी विचारा. कदाचित तीही कधीची वाटच बघत असेल!