केडगावचे उपासनामंदिर : एक ऐतिहासिक टिपण

हडपसरहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. तेथील मुक्ति मिशनच्या आवारात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी उभारलेले प्रॉटेस्टंट उपासनामंदिर आहे. पुण्यात कार्यरत असलेल्या रमाबाईंनी ते खेड्यात का उभारले, या प्रश्नाचे उत्तर शारदासदनाच्या इतिहासात सापडते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले. बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनच्या अर्थसाहाय्यावर ते चालत असे आणि तेथे धर्मशिक्षण देऊ नये, अशी अट होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत; मात्र खोलीचे दार उघडे असे व मुली तेथे येऊन बसत. हे अटीचे उल्लंघन की व्यक्तिस्वातंत्र्य, यावर वाद पेटला. १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंच्या भूमिकेत तथ्य होते, असेच म्हणावे लागेल. उपासनेस स्वतंत्र जागा नसल्याने एका उघड्या दाराला एवढे महत्त्व आले.

केडगावची जमीन मुळात घेतली गेली ती फळबागेसाठी. तिच्या उत्पन्नातून सदन स्वावलंबी व्हावे, हा हेतू होता. परंतु १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. त्यामुळे या मुलींची सोय शेतावरच करावी लागली. त्यांना शारदासदनाची अट लागू नव्हती. १८९९ मध्ये उपासनामंदिराची पायाभरणी झाली. लगेचच पडलेल्या दुसऱ्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या व आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. मंदिराच्या विस्ताराचा विचार या संख्येच्या संदर्भातच करावयास हवा. वैभवप्रदर्शनाचा तेथे प्रश्नच नव्हता.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात झाला होता. तरीही केडगावचे कार्य त्यांनी कोणत्याही एका पंथाशी बांधले नाही. १९०५ मध्ये येथे झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाची दखल पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासकारांनी घेतली आहे. याच आवारात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील स्त्रियांना कळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. नव्या भाषांतराची छपाई मिशनच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी केली.