जुन्या ट्रकचे इंजिन : ऑईल जाते कोठे?

उत्तरेस गोदावरीचे खोरे, दक्षिणेस मांजरेचे आणि मध्ये बालाघाटची डोंगररांग अशी बीड जिल्ह्याची रचना आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, त्या ट्रक-ट्रॅक्टरमधून. आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या की वाड्या-वस्त्यांवर पाणी पोहोचते ते टँकरमधून. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांचा अनुभव तर ताजाच आहे. अशा काळात टँकरची एक खेप चुकणे म्हणजे एका वस्तीचे हंडे रिकामे राहणे होय.

या कामांवरील ट्रक नवे असतातच असे नाही. जुन्या ट्रकबाबत चालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे गाडी ऑईल खाते. यावर दोन टोकांचे उपाय योजले जातात. कोणी रोज थोडे थोडे ऑईल ओतून गाडी रेटतो आणि ऐन एप्रिल-मे महिन्यांत इंजिन जाम होते. कोणी लगेच इंजिन खोलून पिस्टन, रिंग व लायनर बदलतो आणि मोठा खर्च करूनही ऑईल जातच राहते. दोन्ही ठिकाणी चूक एकच. ऑईल किती जाते आणि कोणत्या वाटेने जाते, याचा शोध आधी घेतलेला नसतो.

थोडे जळणे स्वाभाविक

लायनरच्या भिंतीवर ऑईलचा पातळ थर असल्याशिवाय पिस्टन चालूच शकत नाही. पिस्टनवरील सर्वांत खालची रिंग जादा ऑईल खरवडून परत खाली, चेंबरमध्ये पाठविते. तरीही जो सूक्ष्म थर उरतो, त्यातील काही भाग प्रत्येक स्फोटाबरोबर जळतो. म्हणून मुळीच ऑईल न खाणारे इंजिन नसते. प्रश्न प्रमाणाचा असतो.

१९५४ मध्ये टाटा व जर्मनीतील डाईम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू झाली. त्याच परंपरेतील टाटा ६९७ या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर ९७ मिलिमीटर व स्ट्रोक १२८ मिलिमीटर, म्हणजे एकूण आकारमान सुमारे ५,६७५ घनसेंटिमीटर. अशा इंजिनात सहा पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतात. भिंतीवरचा थर किंचित जाड झाला, तरी हजार किलोमीटरमध्ये त्याचे लिटर होतात.

पहिले साधन : वही

तपासणीचा आरंभ पान्याने न करता वहीने करावा. गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून, वरचे ऑईल खाली उतरल्यावर पट्टी पुसून पाहावी. उतारावर किंवा इंजिन बंद करताच पाहिलेली पातळी फसवी असते. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. त्यानंतर हजार किलोमीटरपर्यंत घातलेले प्रत्येक माप आणि भरलेले डिझेल यांची नोंद ठेवावी.

ही तुलना डिझेलशी करणे अधिक योग्य ठरते, कारण घाटात भरलेली गाडी आणि सपाटीवर रिकामी गाडी यांचे किलोमीटर सारखे नसतात. समजा, ट्रक लिटरला चार किलोमीटर चालतो. हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल लागले आणि एक लिटर ऑईल घालावे लागले, तर प्रमाण ०.४ टक्के झाले. अडीच लिटर लागले तर एक टक्का झाले. जुन्या इंजिनात अर्ध्या टक्क्याच्या आतील प्रमाण सामान्यतः चिंतेचे मानले जात नाही. एक टक्क्याच्या पुढे गेल्यास कारण शोधणे आवश्यक ठरते. अंतिम प्रमाण अर्थातच त्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेचे.

खुणेच्या वर ऑईल भरण्याची सवयही घातक असते. क्रँक त्या ऑईलला घुसळतो, फेस होतो आणि जादा ऑईल ब्रीदरवाटे बाहेर पडते. चालकाला वाटते, इंजिन ऑईल खाते.

जळते की गळते?

ऑईल जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा इंजिन न खोलता तपासता येतात.

पहिली वाट बाहेरची. इंजिन धुऊन कोरडे करावे, रात्रभर खाली पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी डाग पाहावेत. चेंबरचे गॅस्केट, फिल्टरचा जोड, टॅपेट कव्हर आणि क्रँकची पुढची-मागची ऑईल सील ही नेहमीची ठिकाणे होत. काही गळती गाडी चालतानाच होते, म्हणून फेरीनंतरही खालून पाहावे.

दुसरी वाट ब्रीदरची. ब्रीदर धुळीने चोंदला तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर ढकलले जाते. ब्रीदर स्वच्छ असूनही त्यातून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर रिंगांवरून स्फोटाचे वायू खाली उतरत आहेत असे समजावे.

तिसरी वाट ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरची. हिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडावा. पाण्याबरोबर बरेच ऑईल आले, तर दोष कॉम्प्रेसरच्या रिंगांत असण्याचा संभव असतो.

चौथी वाट टर्बोची. ज्या गाडीला टर्बो आहे, तिच्या हवेच्या पाईपमध्ये ऑईल साचले आहे काय ते पाहावे. एअर फिल्टर चोंदला असताना टर्बो जोराने हवा ओढतो आणि सीलमधून ऑईलही खेचतो. तेव्हा टर्बो बदलण्यापूर्वी फिल्टर पाहणे शहाणपणाचे.

पाचवी गोष्ट ऑईल व पाणी मिसळण्याची. रेडिएटरमध्ये तवंग किंवा पट्टीवर दुधाळ ऑईल दिसल्यास ऑईल कूलर अथवा हेड गॅस्केट तपासावे. याउलट पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर नोझल किंवा पंपातून डिझेल खाली उतरत आहे. येथे पातळी भरलेली दिसली तरी ऑईल पातळ झालेले असते आणि बेअरिंगचा नाश होतो.

धूर काय सांगतो?

निळसर धूर ऑईल जळत असल्याची खूण आहे. काळा धूर हवा कमी किंवा डिझेल जास्त असल्याची; पांढरा धूर न जळलेल्या डिझेलची अथवा पाण्याची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी निळा लोट निघून मग थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह गाईड व त्यांच्या सीलवर जातो. धारूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात भार ओढताना निळा धूर कायम राहत असेल, तर रिंग व लायनरवर. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन ओझे; चढावर दोष लपत नाही.

उतारानंतर निघणाऱ्या धुरावरून व्हॉल्व्ह गाईडचा निष्कर्ष काढण्याची पद्धत मुख्यतः पेट्रोल इंजिनाची आहे. जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवेची झडप मिटत नसल्याने ही खूण तितकी भरवशाची नसते.

धूळ हाच मूळ शत्रू

रिंग व लायनर झिजणे हा पुष्कळदा परिणाम असतो, कारण धूळ. शेतरस्ते, पाणंद आणि विहिरीकडे जाणारी कच्ची वाट यांवरून फिरणाऱ्या गाडीत फिल्टर व इंजिन यांच्यामधील रबरी नळीला बारीक चीर असली, तरी धूळ थेट सिलिंडरमध्ये शिरते आणि पॉलिश कागदासारखी भिंत घासते. फिल्टर नवा आणि नळी फाटलेली, अशी स्थिती राहिल्यास नवे लायनरही लवकर झिजतात. म्हणून इंजिनचे काम करण्याआधी नळी, क्लॅम्प व फिल्टरची बैठक तपासणे अगत्याचे आहे.

इंजिन केव्हा खोलावे?

वरील सर्व वाटा तपासूनही प्रमाण कमी होत नसेल, तर सर्व सिलिंडरांचा कॉम्प्रेशन दाब घ्यावा. एखाद्याच सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असेल, तर दोष तेथे आहे. परंतु दाब चांगला आला म्हणजे रिंग निर्दोष ठरत नाहीत. दाब वरच्या रिंगा धरतात. ऑईल खरवडणारी खालची रिंग काजळीने अडकली असेल, तर दाब पूर्ण असूनही ऑईल जळते. इंजिन खोलल्यावर लायनरचे माप वर, मध्ये व खाली घ्यावे. झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणे हा तात्पुरता उपाय होय. गुळगुळीत झालेली भिंत होनिंग करून पुन्हा रेषायुक्त केली नाही, तर नव्या रिंगा नीट बसत नाहीत.

ग्रामपंचायतीचा वाटा

टँकरच्या खेपांची नोंद गावपातळीवर ठेवली जातेच. ज्या संस्थेचा स्वतःचा टँकर आहे, तिने त्याच नोंदवहीत डिझेल व ऑईल असे दोन रकाने वाढविले, तर बिघाड उन्हाळ्यापूर्वीच लक्षात येईल. ही तपासणी पाणीटंचाईच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत व्हावी. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक डिझेल हा व्यवसाय शिकविला जातो. गावातील अशा प्रशिक्षित तरुणांना हे काम सोपविता येईल. काढलेले जुने ऑईल ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे. ज्या टँकरने गावाला पाणी आणायचे, त्याच्याच ऑईलने गावाची विहीर नासणार नाही, याची काळजी गावानेच घ्यावयाची आहे.