‘स्कॅनर नई भाऊ, रोकडा द्या’

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण जवळ आला की जळगाव-धुळ्यात रस्त्याच्या कडेला मातीच्या घागरी मांडल्या जातात. घागर, तिच्यावर ठेवायला डांगर, घरी सांजोऱ्या. पितरांच्या पूजेची ही तयारी खानदेशात कुठलंच घर चुकवत नाही. घागरवालीसमोर मोबाइल काढला की ठरलेलं उत्तर येतं, “स्कॅनर नई भाऊ, रोकडा द्या.” मग खिसे चाचपायचे, शेजारच्या रसवंतीवाल्याला “तुम्हाला फोनपे करतो, रोख देता का?” म्हणून गळ घालायची, आणि निघता निघता शेरा मारायचा, “टॅक्स चुकवायचे धंदे सगळे.”

या शेऱ्यात तथ्य किती? घागरीपुरतं बोलायचं तर काहीच नाही. मातीच्या मडक्यांवर जीएसटीचा दर शून्य आहे. ताजी भाजी, ताजी फळं, सुटं दूध यांवरही शून्य. निव्वळ असाच माल विकणाऱ्याला, उलाढाल कितीही असली तरी, जीएसटी नोंदणीची गरज नाही. कर लागणारा माल राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यालाही महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. ४० लाख म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस रोज जवळजवळ ११ हजारांचा गल्ला. घागर दीडशे रुपयांना धरली तर रोज सत्तरच्या वर घागरी, तेही भर पावसाळ्यात. ही बाई कुठला कर चुकवते आहे ते शेरा मारणाऱ्यानंच सांगावं.

कर चुकतच नाही असं मात्र कुणी समजू नये. भरपूर चुकतो, पण तो काचेच्या दारामागे, वातानुकूलित दुकानात, “पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा लागेल” या वाक्यात. आणि ते वाक्य मोबाइलनं पैसे देणाऱ्यालाही तितक्याच सहज ऐकवलं जातं. पैसे रोखीनं दिले की स्कॅन करून, यावर कर ठरत नाही. बिल फाटलं की नाही, यावर ठरतो.

या फरकाची कर खात्याच्या कागदांवरही सरमिसळ होऊ शकते, हे जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात दिसलं. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून तिथल्या वाणिज्यकर खात्यानं छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या, आणि बंगळूरच्या टपऱ्यांवरचे क्यूआर कोड उतरून ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. नोटीस आलेल्यांत भाजीवालेही होते, म्हणजे ज्यांच्या मालावर करच नाही असे. शेवटी सरकारला जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असं सांगावं लागलं. ती बातमी मोबाइलवरून खानदेशातल्या किराणा दुकानांतही पोहोचलीच. तेव्हापासून एखाद्यानं स्कॅनर गल्ल्याखाली ढकलला असेल, तर त्यात लबाडीपेक्षा धास्ती जास्त असू शकते.

‘सरकारनं ऑनलाइन सक्तीचं केलंय, नाही म्हणताच येत नाही’

सक्ती आहे, पण कुणाला? ज्याची वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या वर आहे, त्याला. अशा व्यवसायाला १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयची सोय ठेवावीच लागते. नसेल तर दिवसाला ५ हजार रुपये दंड आहे. धुळ्यातल्या पाचकंदीलजवळचा कापडवाला किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटमधला मोबाइल दुरुस्तीवाला या हिशेबात बहुधा कधीच येणार नाही. तो नाही म्हणाला तर ती त्याची मर्जी. आपली मर्जी पुढच्या दुकानात जाण्याची.

‘कमिशन कापलं जातं म्हणून घेत नाहीत’

हे दुकानदारही सांगतात आणि गिऱ्हाइकंही मान डोलावतात. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. ‘पैसे प्राप्त झाले’ असं ओरडणाऱ्या डबीचं महिन्याचं भाडं तेवढं लागतं. क्रेडिट कार्डावर शुल्क आहे आणि ते दुकानदाराला बोचतं, हे खरं. डेबिट कार्डावरही काही प्रकारांत आहे. पण डेबिट कार्डाचं ते ओझं गिऱ्हाइकावर टाकू देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१७ मध्येच बँकांना बजावलेलं आहे. “कार्डाला दोन टक्के जादा” असं कुणी डेबिट कार्ड पाहून म्हणालं, तर हे सांगायला संकोच नको.

मग नकार का? खरी कारणं वेगळी आहेत, आणि ती दुकानदार चारचौघांत बोलत नाही. पहाटे बाजार समितीत माल उचलायचा तर हातात रोख लागते. गल्ल्यातले पैसे खात्यात गेले की कर्जाचा हप्ता आधी कापला जातो आणि उद्याच्या खरेदीला काही उरत नाही. त्यातून गेल्या काही वर्षांत एक नवी भीती आली आहे: खातं ‘होल्ड’ होण्याची. सायबर भामट्यानं कुणाला तरी लुबाडलं, ते पैसे चार खात्यांतून फिरले आणि त्यातल्या पाचशे रुपयांचं कुणी दुकानातून तेल घेतलं, तर तक्रारीच्या साखळीत त्या दुकानदाराचंही खातं किंवा त्यातली रक्कम अडकते. दूर कुठल्यातरी राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. मे २०२५ मध्ये विदर्भातल्या पेट्रोल पंपचालकांच्या संघटनेनं डिजिटल पैसे घेणं थांबवण्याचा इशारा दिला, तो याच कारणावरून.

म्हणूनच रसवंतीवाल्याला घातलेली ती गळ वाटते तितकी साधी नाही. अनोळखी माणसाकडून खात्यात पैसे घेऊन त्याला रोख मोजून देणं, ही भामट्यांचीही आवडती वाट आहे. दुकानदार ओळखीचा असेल आणि रक्कम शे-दोनशेची असेल तर कोणी अडत नाही. पण पाच हजारांसाठी तो नाही म्हणाला, तर त्याला खडूस म्हणू नये.

‘आपला पैसा आहे, सोनं कितीही रोखीत घेऊ’

सोन्याचं गाव म्हणून मिरवणाऱ्या जळगावात हा गैरसमज सर्वांत महाग पडू शकतो, म्हणून जरा थांबून पाहू. १ एप्रिल २०१७ पासून प्राप्तिकर कायद्यानुसार कुणालाही एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. पूर्ण दोन लाखही चालत नाहीत, १,९९,९९९ चालतात. दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही, आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असू शकतो. तोळ्याचा भाव लाखापार गेल्यापासून दोन तोळ्यांची पोतही या मर्यादेत मावत नाही. तेव्हा सराफ “बाकीचे चेकनं द्या” म्हणाला, तर तो नखरे करत नसतो. स्वतःची मान वाचवत असतो.

यावर तयार असलेला तोडगा सगळ्यांना ठाऊक आहे: “तीन बिलं करा ना, वेगवेगळ्या तारखांची.” कायद्यानं ही पळवाट आधीच बुजवली आहे. मर्यादा तीन बाजूंनी मोजली जाते: एका दिवसात एका माणसाकडून, एका व्यवहारात, मग पैसे कितीही दिवसांनी येवोत, आणि एका प्रसंगापोटी एका माणसाकडून. लग्न हा एक प्रसंग. मुलीच्या बापानं मंगल कार्यालयाला बुकिंगच्या वेळी ८० हजार, साखरपुड्यानंतर ७० हजार आणि हळदीच्या दिवशी ६० हजार रोख दिले, तर बेरीज २ लाख १० हजार होते आणि कार्यालयवाला अडचणीत येतो. मंडपवाले, आचारी, बँडवाले सगळ्यांना हाच नियम. लग्नघरानं खर्चाची यादी करतानाच रोख किती आणि खात्यातून किती हे लिहून ठेवलं, तर आयत्या वेळची रदबदली टळते.

आणि ‘बिनबिलाचं तीन टक्के स्वस्त पडतं’ हा सल्ला. सोन्यावर जीएसटी तीन टक्के आहे, हे बरोबर. पण बिल नसेल तर कसाचा आणि वजनाचा वाद उद्या कशाच्या आधारावर घालणार? १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तो तपासून, बिलावर वजन आणि शुद्धता लिहून घेऊन मग पैसे मोजा. नोटा असोत नाहीतर स्कॅन.

‘कापसाचे रोख पैसे घेतले तर इन्कम टॅक्सवाले मागे लागतील’

खानदेशचा बाजार रोखीवर का चालतो याचं उत्तर या कापसाच्या पैशातच दडलेलं आहे. खेडा खरेदीत व्यापारी काटा घेऊन थेट अंगणात येतो, कापूस मोजतो आणि नोटा देऊन जातो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर विकलं तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, पण त्यासाठी नोंदणी, आर्द्रतेची अट आणि ट्रॅक्टरची रांग. अंगणातली ती रोखच पुढे बियाणांच्या दुकानात, किराण्यात, दिवाळीच्या कापडात फिरते.

ही विक्री बेकायदा नाही. शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेला माल व्यापाऱ्याला दोन लाखांच्या आत रोखीनं विकला, तर त्यावर बंदी नाही, शेतकऱ्याला पॅन द्यावा लागत नाही आणि व्यापाऱ्याचा खर्चही नामंजूर होत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं ३ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेलं आहे. एरवी व्यापाऱ्यानं एका दिवसात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिली, तर तो खर्च हिशेबात धरला जात नाही. शेतकऱ्याकडून शेतमाल घेताना मात्र त्यात सवलत आहे. “पॅन नाही म्हणून क्विंटलमागे भाव कमी” असं कुणी म्हणालं, तर ते परिपत्रक मोबाइलमध्ये असलेलं बरं. दोन लाखांची मर्यादा इथेही लागू आहे, तेवढं ध्यानात ठेवावं.

नाणी, नोटा आणि अफवा

रोखीचं दुकान आणि त्यातून दहाचं नाणं नाकारणारं, हा तर दुहेरी ताप. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले १४ वेगवेगळे नमुने सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला जाहीर केलं. रुपयाचं चिन्ह असो-नसो, रेघा दहा असोत की पंधरा, नाणं खरंच. नंबरात तारा छापलेली नोटही खरी. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी ती येते. दोन हजारांची नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागे घेतली गेली, पण ती रद्द झालेली नाही. दुकानात मात्र ती आता कुणी घेत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात देऊन किंवा टपालानं तिथे पाठवून खात्यात जमा करता येते. फाटकी नोट कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तुमचं तिथे खातं नसलं तरी.

उलट बाजूचा गैरसमजही आहे. दुकानदाराला धडा शिकवायचा म्हणून पोतंभर चिल्लर ओतणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतात. २०११ च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच वैध चलन आहेत. त्यापुढे समोरचा नाही म्हणू शकतो.

सुट्ट्यांची मारामारी थोडी कमी व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना टप्पे घालून दिले: मार्च २०२६ अखेर ९० टक्के एटीएममधून शंभरच्या किंवा दोनशेच्या नोटा निघाल्याच पाहिजेत. बाजाराला जाताना पाचशेची एकच नोट काढण्यापेक्षा चारशे काढावेत, पाचशेच्या नोटेचा प्रश्नच येत नाही. जळगाव आणि धुळे महानगरांच्या यादीत नसल्यानं इथे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत आहेत, तीन नव्हे. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आकार आणि वर कर. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे गेले, किंवा दुकानात स्कॅन केल्यावर पैसे मध्येच अडकले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते, न मागता.

‘रोख दिले, आता काय पुरावा?’

बिल हाच पुरावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात विकलेल्या मालाचं बिल किंवा कॅश मेमो न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं हीसुद्धा. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदारानं दोनशेच्या आतल्या खरेदीला आपणहून बिल दिलं नाही तरी चालतं, पण गिऱ्हाइकानं मागितलं की द्यावंच लागतं. कोऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहिलेली बेरीज म्हणजे बिल नव्हे: दुकानाचं नाव, तारीख, वस्तू आणि रक्कम पाहिजे, आणि जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांकही. उलाढालीवर ठोक दरानं कर भरायच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, हेही त्याच कागदावर कळतं.

कुलर, मिक्सर, मोटारीचं वायंडिंग असल्या खरेदी-दुरुस्तीत बिलाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा. त्या कागदावरची शाई एका उन्हाळ्यात उडते. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग जळगावातही आहे आणि धुळ्यातही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.