मशरूमची पावडर आणि युरिक ॲसिड

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक काका लंगडत आले. पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता. रात्री चादरही सहन होत नव्हती. युरिक ॲसिडची गोळी त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच बंद केली होती. ओळखीच्या माणसाने ‘औषधी मशरूम’ची पावडर दिली होती. "नैसर्गिक आहे ताई, साइड इफेक्ट नाही म्हणाला," काका सांगत होते. त्या डब्यांसाठी त्यांनी भिशीचे पैसे उचलले होते.

युरिक ॲसिड येते कुठून? आपल्या पेशींत आणि अन्नात प्युरिन नावाचा घटक असतो. तो मोडून युरिक ॲसिड तयार होते आणि मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. रक्तातले प्रमाण दीर्घकाळ 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिले, तर सांध्यांत त्याचे सुईसारखे खडे जमू शकतात. यालाच गाऊट म्हणतात. मात्र रिपोर्ट वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट होत नाही.

रेशी, कॉर्डिसेप्स या मशरूमच्या अर्कांनी उंदरांमधले युरिक ॲसिड कमी झाल्याचे प्रयोग आहेत. पण गाऊटच्या माणसांना त्याचा फायदा होतो, हे सिद्ध झालेले नाही. उलट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना रेशीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ॲलोप्युरिनॉल ही गोळी मात्र 1966 पासून वापरात आहे आणि तिचा डोस रक्त तपासून ठरवता येतो.

मग मशरूमची भाजीही सोडायची का? नाही. मशरूममध्ये प्युरिन असते, पण अमेरिकेत 47 हजारांहून अधिक पुरुषांची 12 वर्षे पाहणी झाली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला. मशरूम, पालक, डाळी यांनी वाढलेला दिसला नाही. बटण किंवा धिंगरी खुशाल खा. रानातली अनोळखी छत्री मात्र तोडून आणू नका. ती जिवावर बेतू शकते.

एवढे लक्षात ठेवा :
• दारू, विशेषतः बिअर, टाळा. गोड कोल्ड्रिंक बंद करा.
• कलेजी, वजरी, सुकट, मटण कमी करा.
• पाणी भरपूर प्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा.
• वजन हळूहळू उतरवा. कडक उपासाने युरिक ॲसिड वाढते.
• गोळी स्वतःहून बंद करू नका. नवीन गोळीने अंगावर पुरळ आले, तर मात्र ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काकांना आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. सूज उतरल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली. पुढच्या तपासण्यांत आकडा 6 च्या खाली आला. धिंगरी ते आजही खातात, पण औषध म्हणून नव्हे, भाकरीबरोबर भाजी म्हणून.