टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर

आपल्या घशात, पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, दोन लहान गाठी असतात. त्यांना टॉन्सिल म्हणतात. आरशासमोर तोंड मोठे उघडले, तर पुष्कळ मुलांना त्या दिसतात. तोंडातून व नाकातून शिरणाऱ्या जंतूंशी लढणे हे त्यांचे काम.

काही मुलांचे टॉन्सिल वारंवार सुजतात. घसा दुखतो, ताप येतो, शाळा बुडते. काहींचे टॉन्सिल इतके वाढतात, की झोपेत श्वास अडतो. अशा वेळी नाक-कान-घशाचे डॉक्टर टॉन्सिल काढण्याचा सल्ला देतात. ते काढले तरी शरीर दुबळे होत नाही. जंतूंशी लढणाऱ्या इतर अनेक गाठी शरीरात असतात.

ही शस्त्रक्रिया फार जुनी आहे. सुमारे 1000 वर्षांपूर्वी स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल-जहरावी नावाचे मोठे हकीम होऊन गेले. 'अल-तसरीफ' या ग्रंथात त्यांनी टॉन्सिल काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. तेव्हा आजच्यासारखी भूल देण्याची सोय नव्हती. अमेरिकेतील बॉस्टन शहरात 1846 साली ईथरची भूल देऊन लोकांसमोर शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर भुलीचा वापर जगभर पसरला. आज मुलाला पूर्ण भूल देतात. शस्त्रक्रिया चालू असताना त्याला काहीच कळत नाही. खरा त्रास पुढे, घरी आल्यावर होतो.

हाताला जखम झाली, तर आपण तिच्यावर पट्टी बांधतो आणि हात हलवत नाही. घशातल्या जखमेवर पट्टी बांधता येत नाही. प्रत्येक घोटाबरोबर तेथील स्नायू हलतात, म्हणून गिळताना दुखते. पहिल्या दिवशी मूल बरे दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे वाढते आणि घरची माणसे घाबरतात. हे दुखणे हळूहळू कमी होत सुमारे दोन आठवड्यांत थांबते. या काळात घशात पांढरा थर दिसतो. तो पू नसून जखमेवरची खपली असते. कानही दुखतो. कानात काही बिघाड नसतो. घसा आणि कान यांना जोडणारी एकच नस असते, म्हणून तसे वाटते.

समजा, तुमच्या लहान भावाची ही शस्त्रक्रिया झाली आहे. दुखते म्हणून तो पाणी पीत नाही. पाणी न प्यायल्यामुळे घसा कोरडा पडतो. कोरडा घसा अधिक दुखतो. मग तो थुंकीसुद्धा गिळत नाही. शरीरातले पाणी कमी होते, लघवी कमी होते आणि त्याला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागते. हे चक्र तोडायचे, तर दुखणे वाढण्याआधीच औषध द्यायला हवे. "फार रडला तर देऊ" असे म्हणून थांबू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने खायला-प्यायला द्यावे. तेव्हा गिळणे सोपे जाते.

साधारणपणे पॅरासिटॅमॉल देतात. काही मुलांना जोडीला आयबुप्रोफेन देतात. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. ती घरातल्या चमच्याने मोजू नये, कारण सगळे चमचे सारखे नसतात. बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे माप वापरावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. कोडीनही देऊ नये. खोकल्याच्या काही औषधांत ते असते. शरीरात गेल्यावर कोडीनचे मॉर्फीन बनते. काही मुलांच्या शरीरात ते फार वेगाने बनते व श्वास मंदावतो. म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने 2013 साली, टॉन्सिल काढलेल्या मुलांना कोडीन देऊ नये, असा कडक इशारा दिला. घरात उरलेले कोणतेही औषध आपल्या मनाने देऊ नये.

थंड खाल्ले की घसा बिघडतो, असे आपल्याकडे मानतात. या शस्त्रक्रियेनंतर मात्र थंड पाणी, थंड दूध, आइस्क्रीम यांनी आराम मिळतो. मऊ भात किंवा खिचडी कोमट करून द्यावी. तिखट व आंबट पदार्थ झोंबतात. आपल्या फलटण तालुक्यात डाळिंबे भरपूर पिकतात. पण या दिवसांत डाळिंबाचा रस नको. तो आंबट असतो. शिवाय मुलाला उलटी झाली, तर रस कोणता आणि रक्त कोणते, हे कळत नाही. रमजान असेल आणि मुलाने रोज्याचा हट्ट धरला, तर त्याला समजावावे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे.

लहान मुलाला "किती दुखते?" हे सांगता येत नाही. त्यासाठी अमेरिकेत डोना वाँग व कॉनी बेकर यांनी सहा चेहऱ्यांचा तक्ता तयार केला. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडका. मुलाने बोट ठेवून आपला चेहरा दाखवायचा. असे चेहरे तुम्हीही वहीत काढू शकता.

एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटते. तेव्हा रक्त येण्याचा धोका असतो. तोंडातून लाल रक्त आले, किंवा झोपलेले मूल सारखे काहीतरी गिळताना दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाडीवस्तीवरून रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो. म्हणून दूरच्या आजोळी जाण्याचा बेत दोन आठवडे पुढे ढकलावा.

मुलगा रडला, की "शूर मुले रडत नाहीत" असे मोठी माणसे म्हणतात. मग तो दुखणे लपवतो आणि पाणी पिणे सोडतो. त्यापेक्षा त्याला विचारावे, वेळेवर औषध द्यावे आणि घोट घोट पाणी पाजावे. घरात असे मूल असेल, तर हे काम तुम्हीही करू शकता.