आगीचा बंब आणि गावचे पाणी

प्रतापराव गुजरांच्या बलिदानाने इतिहासात अमर झालेल्या नेसरीच्या परिसरात, जेव्हा चैत्र-वैशाखात विहिरींचे पाणी खोल जाते आणि नेमक्या त्याच दिवसांत वैरणीच्या गंज्या, जनावरांचे गोठे आणि तोडणीवाचून राहिलेले उसाचे फड आगीच्या तोंडी सापडतात, तेव्हा आगीच्या बंबाविषयी मनात येणारा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. गाडी येईल, पण पाणी कोठून येईल? बंब घडविणाऱ्या नामांकित कारखानदारांचा तीनशे वर्षांचा इतिहास चाळला, तर त्यांनीही आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंज घेतली असे दिसते. आणि प्रत्येक बंबाच्या अंगावर, तो ज्या नगरीसाठी घडला, तिथल्या पाण्याच्या सोयीचा ठसा स्पष्ट उमटलेला आढळतो.

ॲम्स्टरडॅमसारख्या कालव्यांच्या शहरात १६७२ साली यान व्हान डर हेडेन याने आपल्या भावाच्या साहाय्याने कातडी नळी प्रचारात आणली, ती दारापाशी वाहणारे पाणी थेट आगीच्या मुळापर्यंत पोचविण्यासाठी. लंडनमध्ये रिचर्ड न्यूशॅमने १७२१ साली ज्या हातबंबाचे पेटंट घेतले, त्याच्या लाकडी हौदात मात्र बादल्यांची रांग लावून पाणी ओतावे लागे. दोन्ही बाजूंच्या दांड्या आळीपाळीने दाबून माणसे दोन दट्टे चालवीत, आणि दट्ट्यांच्या हिसक्यांनी तुटक होऊ पाहणारा झोत बंद वायुकोठीत दाबल्या गेलेल्या हवेच्या रेट्याने, लोहाराच्या दुहेरी भात्यातील वाऱ्याप्रमाणे, अखंड होऊन बाहेर पडे. ही वायुकोठी पुढे इतकी टिकली, की विसाव्या शतकात अमेरिकेतील सिनसिनाटीच्या अहरेन्स-फॉक्स कंपनीने तिलाच चकचकीत धातूच्या गोळ्याचे रूप देऊन आपल्या बंबाच्या नाकावर मोठ्या दिमाखाने बसविले.

१८२९ साली ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी लंडनमध्ये वाफेचा बंब चालवून दाखविला. पुढे शँड मेसन आणि मेरीवेदर या दोन लंडनकर कंपन्यांनी त्या कल्पनेला बाजारात प्रतिष्ठा मिळवून दिली. उभा बाष्पक, त्याच्या समोर पितळी पंप, चालकाच्या आसनाखाली नळ्यांचा सरंजाम आणि ओढायला घोडे, असा हा थाट असे. मुंबईत १८८७ साली अग्निशमन दल उभे राहिले तेही घोड्यांनी ओढलेल्या बंबांवर. दुसऱ्याच वर्षी झालेल्या मुंबई म्युनिसिपल कायद्याने आगीपासून रक्षण करणे हे महापालिकेचे कर्तव्य ठरले. मात्र त्या शहराला विहार तलावाचे पाणी १८६० च्या सुमारासच नळाने मिळू लागले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. कारण रस्त्याखाली दाबाचे पाणी खेळत असेल, तरच स्वतःबरोबर पाणी न नेणारा बंब उपयोगी पडतो.

मोटारीचे युग आले तेही हीच सोय गृहीत धरून. मेरीवेदरने १९०४ साली लंडनजवळच्या फिंचलीसाठी असा पेट्रोल-बंब बांधला, की ज्याचे इंजिन गाडीही हाकी आणि पंपही चालवी. गिल्डफर्डच्या डेनिस बंधूंनी १९०८ साली ब्रॅडफर्डला आपला पहिला बंब दिला, त्यात दट्ट्यांऐवजी पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकणारा केंद्रोत्सारी पंप होता. पुढच्या वर्षी लेलँडने डब्लिनसाठी आपला पहिला बंब तयार केला. केंद्रोत्सारी पंप सुटसुटीत, धक्क्यांविना चालणारा; परंतु त्याचे एक वैगुण्य असे, की शोषण-नळीतील हवा आधी दुसऱ्या साधनाने काढून टाकल्याशिवाय तो पाणी उचलत नाही. त्या काळच्या शहरी बंबावर पाण्याची टाकी असलीच तर तीस-चाळीस गॅलनांची, आरंभीच्या माऱ्यापुरती. जवान दोन्ही बाजूंना बाहेर तोंड करून उघड्यावर बसत आणि वळणावर फेकले जाण्याचा धोका पत्करीत. त्यांना गाडीच्या आत, छपराखाली जागा मिळू लागली ती १९३० नंतरच्या दशकात.

एवढ्या सुधारणांनंतरही यंत्राला मर्यादा राहतेच, हे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दिसले. स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच वेळी पोटात वागविणारे फोर्ट स्टिकिन हे जहाज पेटले. चहूकडे समुद्र होता, बंब आले होते, जवान नळ्या धरून उभे होते, आणि तशा स्थितीत जहाज उडाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. नेसरीभोवतालच्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातून गिरणीच्या भाकरीसाठी मुंबई गाठलेली कितीतरी कुटुंबे तेव्हा त्याच शहरात नांदत होती. म्हणून १४ एप्रिलला देशभर पाळल्या जाणाऱ्या अग्निशमन सेवा दिनाशी आपला संबंध दूरचा मानण्याचे कारण नाही.

खेड्याला उपयोगी पडणारा बंब दुसऱ्या महायुद्धानंतर आकाराला आला. इंग्लंडच्या ग्रामीण भागासाठी चारशे गॅलन पाणी बरोबर घेऊन जाणारी ‘वॉटर टेंडर’ ही गाडी रूढ झाली. भारतात टाटा आणि अशोक लेलँड यांच्या ट्रकच्या सांगाड्यांवर त्याच नावाच्या गाड्या बांधल्या जाऊ लागल्या, आणि त्यांच्या टाक्या पुढे ४,५०० लिटरपर्यंत मोठ्या झाल्या. साडेचार टनांचे हे पाणी वळणावर एका अंगाला लोटून गाडी कलंडू नये, म्हणून टाकीच्या पोटात भोके पाडलेल्या आडभिंती घालाव्या लागतात. तरीही मिनिटाला ४५० लिटर सोडणारा एकच झोत धरला, तर ही सारी पुंजी दहा मिनिटांत संपते. आणि पेटलेल्या गंजीला, आतली धग विझेपर्यंत, दहा मिनिटे पुरत नाहीत.

मग पंप गावच्या पाण्याला लावावा, तर तेथे निसर्गाचा कायदा आडवा येतो. शोषण-नळीत पाणी चढते ते बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. तो दाब सिद्धांताने सुमारे दहा मीटर आणि व्यवहारात सात-आठ मीटरच पाणी उचलू शकतो. भाद्रपदात काठोकाठ भरलेली विहीर बंबाला सहज पाणी देईल. वैशाखात तिचे पाणी पंचवीस-तीस फुटांखाली गेले, तर मेरीवेदर असो, डेनिस असो वा आजची नवी गाडी असो, जमिनीवर उभा असलेला गाडीचा पंप हताश होईल. हे कोणाही कारखानदाराचे न्यून नव्हे.

म्हणूनच बंबाच्या रचनेचा उरलेला भाग गावानेच पुरा करावा लागतो. कोणत्या विहिरीत, तळ्यात, शेततळ्यात वैशाखातही हाती लागेल असे पाणी राहते, नदीकाठी कोठवर भरलेली गाडी रुतल्याविना उतरते, कोणत्या पाणंदीच्या वळणावर ती अडते, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दफ्तरी असावी, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ती प्रत्यक्ष पाहणी करून दुरुस्त व्हावी आणि तिची नक्कल जवळच्या अग्निशमन केंद्रात पोचती व्हावी. लंडनच्या बंबामागे रस्त्याखालचे नळ उभे होते, मुंबईच्या बंबामागे विहार तलाव. नेसरीकडे येणाऱ्या बंबामागे गावाने केलेली ही तजवीज उभी राहिली, तरच त्या यंत्राच्या सामर्थ्याचे पुरते चीज होईल.